वजनकाट्यावरची शेजारीण

उस्मानपुऱ्यातली माझी शेजारीण वजनकाट्यावर चढताना हातातल्या बांगड्यासुद्धा काढून ठेवते. वजन तेवढंच भरतं आणि मग दिवसभर तिचं तोंड उतरलेलं असतं. "मला हवाबी अंगी लागती, ताई," म्हणते. मी असते तर काटा भंगारात दिला असता.

एकदा तिच्यासोबत दवाखान्यात गेले. तिच्या जन्मावेळची हकीकत ऐकून डॉक्टर म्हणाले, ती पोटात असताना आईनं दुष्काळात उपासमार काढली, त्याची खूण हिच्या वजनावर आणि मनावरही राहिली असू शकते.

"म्हंजे मी खादाड नाय," ती एवढंच बोलली.

परवा तिची गरोदर सून जाड होण्याच्या भीतीनं अर्ध्या ताटावरून उठली. हिनं हात धरून तिला खाली बसवलं.

"पोटातल्या लेकराला कशाला दुष्काळ दावती गं?"

आणि पथ्य सोडून स्वतःही भाकरी घेऊन तिच्यासमोर जेवायला बसली.