खोलगटातला स्क्रू

आमच्या गल्लीतल्या पत्रेवाल्याला सगळे 'गळका' म्हणतात. ज्याने निम्म्या गावावर छप्पर घातलं त्याला हे नाव, म्हणजे शिंप्याला उघडा म्हणण्यातला प्रकार. नाव ठेवलं ते त्याच्या सासऱ्याने, आणि ठेवायला कारण होतं.

पन्हळी पत्र्याला स्क्रू मारायचा तो उंचवट्यावर. पाणी वाहतं खोलगटातून, तिथे भोक पाडायचं नाही, हे धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पंचवीस वर्षांपूर्वी हा याच सासऱ्याच्या घरावर पत्रे घालत होता. खाली घरची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, याने वाकून पाहिलं, आणि ड्रिल गेलं खोलगटात. डांबर फासून भोक झाकलं, तरी पाणी नेमकं तिच्या बापाच्या कॉटवर ठिबकायचं. गळती काढायला हा सात वेळा आला. सातव्यांदा लग्न ठरवूनच खाली उतरला. भोक पडलं की पाडलं, यावर गल्लीत अजून दोन तट आहेत. मी कोणत्या तटात ते विचारू नका.

तेव्हापासून सासऱ्याने त्याला जावई म्हटलेलं कुणी ऐकलं नाही. "गळका आलाय, बादल्या काढा," एवढंच स्वागत.

यंदा ते पत्रे गंजले. "दुसरा माणूस बघतो," सासरा म्हणाला. हे मात्र याला लागलं.

"मीच घालणार. एक थेंब पडला तर धंदा सोडीन."

तीन दिवस काम चाललं. बायकोला त्याने अंगणात फिरकू दिलं नाही.

"या वयात कोण वाकून बघतंय?" ती म्हणाली.

"धोका नको."

मग ती मुद्दाम खिडकीत बसून दिवसभर गाणी म्हणत राहिली.

चौथ्या दिवशी याने वर चढून पाण्याची नळी धरली. सासरा खाली कॉटवर उताणा, चष्मा लावून. अर्धा तास पाणी. आम्ही शेजारी दारात ताटकळत. शेवटी म्हातारा उठला, उशी चाचपली, गाल चाचपला, अंगणात आला.

"जावईबापू, उतरा आता. चहा झालाय."

हा वरून इकडेतिकडे पाहतोय, कुणाचा जावई आला म्हणून.

"अहो, तुम्हालाच बोलावतायत," बायको म्हणाली.

तो इतका हरखून वळला की नळीही त्याच्याबरोबर वळली. म्हातारा चष्म्यासकट चिंब.

"छप्पर नाही गळत," चष्मा पुसत तो आम्हाला म्हणाला. "जावई गळतोय."