अंतर विचारायचं राहिलं

मंडळी, आज दुपारी माझ्या चष्म्याच्या दुकानात कार्ले गावचे धोंडूभाऊ आले. उजव्या हाताला पट्टी होती आणि दोन बोटं नव्हती.

ते लाकडाच्या वखारीत इंजिनावरची गोल करवत चालवायचे. गेल्या वर्षी मीच त्यांना चष्मा दिला होता. हातात पुस्तक देऊन अक्षरं दिसतात ना, एवढंच पाहिलं होतं.

"चष्म्यातनं करवत धुरकट दिसायची," ते म्हणाले. "लय वाकाया लागायचं. पंधरा दिसामागं हात घसरला."

मी त्यांना करवतीपाशी उभे राहायचे तसं उभं केलं. टेपनं मोजलं, तर डोळ्यांपासून काम सव्वादोन फूट. पुस्तक सव्वा फुटावर असतं, आणि मी दिलेला चष्मा तेवढ्यापुरताच होता. मी जवळजवळ निम्म्या नंबराची काच लावली आणि सव्वादोन फुटांवर फळीवरची पेन्सिलीची रेघ धरली.

"आता साफ दिसतंय," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "हे तवा का न्हाई केलं?"

या महायुद्धामुळे विलायती काचा दुर्मीळ झाल्यात, पण ही काच तेव्हाही माझ्या पेटीत होती. "काम किती लांब असतं, ते मी विचारलंच नाही," मी सांगितलं. ते चष्मा न घेताच गेले.

माझा चष्मा लावून कामावर वाकावं लागणारं तुमच्यात आणखी कुणी आहे का? उद्याच दुकानात याल?