पुतणीच्या उंचीची केबिन

धाकट्या भावाची फेरीबोट नदीच्या मध्यावरून भलतीकडेच वळली, तेव्हा मिस्त्री काठावरच्या कारखान्यात फळीवर रंधा मारत होता. "काय खेळ लावलाय यानं?" एवढंच पुटपुटून तो पुन्हा कामाला लागला. बोट हळूच जाऊन लव्हाळ्यात रुतली. प्रवासी सगळे सुखरूप होते. भावाने इंजिन बंद केलं होतं आणि मग तो चाकाशेजारी खाली बसला, तो उठलाच नाही.

मिस्त्रीला रडू आलं नाही. लोक भेटायला आले, त्यांच्याशी तो बोलला; जेवला, झोपलाही. बायको म्हणाली, "अहो, एकदा रडून मोकळे तरी व्हा."

"येत नाही, त्याला मी काय करू?" त्याने खरंच विचारलं. त्याला वाटलं, तिला माहीत असेल.

पुढच्या महिन्यात पुतणी कारखान्यात आली. दुसऱ्या बोटीवर राबून तिने परवाना मिळवला होता. बापाची बोट आता तीच चालवणार होती. अडचण केबिनची होती. ती मिस्त्रीनेच बांधलेली, भावाच्या मापाची. भाऊ ताडमाड, पुतणी आईवर गेलेली. चाकामागे उभी राहिली की तिला नुसतं आभाळ दिसायचं. बोटीचं नाक नाही, त्यापुढचं पाणी नाही.

"पायाखाली पाट देतो," मिस्त्री म्हणाला.

"काका, मी काय शोकेसमधली बाहुली आहे? मागे वळताना पाय घसरला म्हणजे?"

पटलं त्याला. त्याने तिला चाकाशी उभं केलं, डोळ्यांच्या रेषेत खडूची खूण केली आणि समोरची चौकट उतरवली. भावाच्या कोपराने गुळगुळीत झालेली फळी करवतीखाली आली. आता काहीतरी होईल, म्हणून तो जरा थांबला. झालं काही नाही. करवतीला धार हवी, एवढंच लक्षात आलं. तुकडे त्याने भुश्शाबरोबर शेगडीत टाकले.

काचा खालपर्यंत वाढवल्या. वरच्या अंगाने त्या पुढे झुकत्या ठेवल्या, म्हणजे अंधार पडल्यावर आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यांसमोर नाचत नाही. चाक वीतभर खाली घेतलं. मागची खिडकीही मोठी केली. धक्क्याला लागताना दोर टाकणारा दिसायला हवा.

पहिल्या फेरीला तो तिच्या बाजूला उभा राहिला.

"नाक दिसतंय?"

"दिसतंय. पुढचं पाणीही."

"मागे?"

"दोरवाला जांभया देतोय, तेही दिसतंय."

मध्यावर आल्यावर तिने नजर समोर ठेवूनच विचारलं, "इथेच ना?"

"थोडं पुढे."

तिने वेग कमी केला नाही. ती जागा आली, मागे गेली. मिस्त्री काचेच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, लांबीचा लेप नीट बसलाय का बघत. पुतणीच्या गालांवर पाणी ओघळलं होतं. हात चाकावर, पुसणार कशी? त्याने खिशातून रुमाल काढून तिचे गाल टिपले.

"काका, भुस्सा आहे त्याला! डोळ्यांत जाईल ना!"

"बरं," म्हणत त्याने रुमाल झटकला, आणि धक्का येईपर्यंत तसाच हातात धरून ठेवला.