सासूबाईंची मुतारी

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगते. मी आमच्या नगरपरिषदेत पाच वर्षं नगरसेविका होते आणि निवडून आले ती मुतारीच्या जोरावर. रस्ते, गटारं, पथदिवे यांची आश्वासनं बाकीच्या उमेदवारांनी आधीच आपसात वाटून घेतली होती.

आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. वाडीत बी.ए. झालेली सून मी एकटीच, म्हणून पक्षाची माणसं घरी आली. नवरा नको नको म्हणत होता. सासूबाई मासळीबाजारातून नुकत्याच आल्या होत्या. टोपली घरापुढच्या खळ्यात उतरवता उतरवता त्यांनी निकाल दिला, "उबी रवांदे तिका. आमका बाजारात मुतारी बांधून देतली तर मतां मी आणतंय."

आणि त्यांनी ती आणली. मासे विकता विकता गिऱ्हाइकालाही सांगायच्या. पक्षाच्या जाहीरनाम्यात काय छापलं होतं ते मला आज आठवत नाही, पण बाजारात माझा जाहीरनामा एका शब्दाचा होता.

सासूबाई लग्न होऊन आल्यापासून मासे विकत होत्या. अंधार असतानाच बंदरावर लिलावाला जायच्या, मग बाजारात पाट मांडून बसायच्या. निघताना अर्धा कप कोरा चहा आणि भाकरीचा तुकडा, बस्स. त्यानंतर दुपार उलटून घरी येईपर्यंत घशाखाली पाण्याचा थेंब नाही. समोरच्या माशांवर दिवसभर हाताने पाणी मारत राहायच्या, फारच कोरड पडली तर गुळणी करून थुंकायच्या. मी नवी नवरी होते तेव्हा एकदा ऐन वैशाखात त्यांच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन बाजारात गेले. त्यांनी ती माझ्यादेखत पाटावरच्या बांगड्यांवर ओतली.

"पियालंय तर जावचां खंय?" त्या म्हणाल्या.

घर लांब, आणि पाट सोडून गेलं की गिऱ्हाईक शेजारणीकडे. पूर्वी म्हणे बाजारामागे सुरूचं बन होतं, उलट्या घातलेल्या होड्यांचा आडोसा होता. मग आमच्याकडे पर्यटन आलं. बनात तंबू लागले, होड्यांच्या जागी स्कूबाचे स्टॉल आले, खांबाखांबावर कॅमेरे बसले. जेट्टीवर पर्यटकांसाठी स्वच्छतागृह झालं, पण तिथला माणूस बाजारातल्या बायकांना दारातच अडवायचा. अंगाला माशांचा वास येतो, पाहुणे तक्रार करतात, हे त्याचं कारण. पाहुणे दुपारी तेच मासे बोटं चाटून खायचे. पुरुषांचं काय, त्यांना भिंत दिसली की झालं, आणि आमच्या शहरात भिंतींना कधी तोटा नव्हता.

पहिल्याच सर्वसाधारण सभेत मी विषय काढला. 'मुतारी' म्हटल्यावर सभागृहात हशा पिकला. मुख्याधिकारी साहेबांनी मला समजावलं, "मॅडम, स्वच्छतागृह म्हणा." मी म्हटलं, "म्हणते. पण बांधा." मग जागा बंदर खात्याची की आमची, भरतीची रेषा कुठून जाते, सांडपाणी कुठे सोडायचं, यात माझी बहुतेक मुदत गेली. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच किनाऱ्यावर सेल्फी पॉइंटचा ठराव मात्र चहा यायच्या आत मंजूर झाला.

मधल्या काळात सासूबाईंची कूस दुखू लागली. त्या कंबरेला फडकं आवळून बाजारात जायच्या. शेवटी मी जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं. दोन्हीकडे मूतखडे निघाले. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी अजिबात रोखून धरायची नाही. हे केलं नाहीत तर किडन्या जातील. सासूबाईंनी शहाण्यासारखी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टराक सांग, एक दिवस माझ्या पाटार येवन बस म्हणान."

मी म्हटलं, थोडे दिवस थांबा, आपलं काम होत आलंय. खोटं नव्हतं ते. मुदतीच्या शेवटच्या वर्षी का होईना, बांधकाम सुरू झालं होतं. दोन खोल्या, निळ्या फरशा, छपरावर टाकी, हात धुवायला नळ. काम संपलं त्या दिवशी बाजारातल्या सगळ्या बायका बघायला गेल्या. सासूबाईंनी खवल्यांच्या हाताने फरशी चाचपली आणि लगेच पदराने पुसून काढली. संध्याकाळी ठेकेदाराने दाराला कुलूप घातलं.

मी नगराध्यक्षांकडे किल्ली मागायला गेले. "वहिनी, लोकार्पण झाल्याशिवाय कसं उघडणार?" ते म्हणाले.

"मग करा लोकार्पण."

तेव्हा खरी अडचण कळली. लोकार्पण म्हणजे मंत्रीसाहेब, साहेब म्हणजे फीत, फीत म्हणजे फोटो. आणि मुतारीच्या दारात उभं राहून फोटो काढून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. उद्या विरोधक तोच फोटो बॅनरवर लावतील, असं एकजण म्हणाला. विरोधी बाजूच्याला विचारलं, तर त्यालाही तो मान नको होता. एरवी गटारावर फरशी टाकली तरी नारळ फोडायला धावणारी ही माणसं. मी म्हटलं, मी कापते फीत, माझा फोटो खुशाल लावा बॅनरवर. तर म्हणे, साहेबांच्या आधी तुम्ही कापलीत तर साहेबांना काय वाटेल? शेवटी असं ठरलं की सेल्फी पॉइंट पूर्ण होऊ द्यायचा, साहेब तिथे फीत कापतील आणि त्याच ओघात हेही उरकून घेऊ.

बाजारातल्या बायका म्हणाल्या, आपणच नारळ ठेवून गाऱ्हाणं घालूया आणि उघडूया. आमच्याकडे कुठलंही नवं काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. जाणता माणूस हात जोडून देवाला साकडं घालतो आणि जमलेले सगळे मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बंदरावर गाऱ्हाणं घालणारे म्हातारबाबा होते, त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगळां खरां गो बायांनो, पण देवाक मुतारीच्या दारात खंयच्या तोंडान बोलवू?"

म्हणजे मंत्री येईना आणि देवालाही बोलावता येईना. त्या दिवशी आम्ही बायका पोट धरधरून हसलो. सासूबाईही हसल्या, एक हात कुशीवर दाबून.

साहेबांची तारीख एकदा मिळाली होती. मांडव घातला, खुर्च्या आल्या, बाजारातल्या बायकांना त्या दिवशी बाजार उचलायला लावला. सेल्फी पॉइंट अर्धवट होता, पण त्याला पडदा लावून वेळ मारून नेणार होते. साहेब हायवेवरच्या तळेऱ्यापर्यंत आले आणि तिथून दुसऱ्या कुठल्या तरी कार्यक्रमासाठी देवगडला वळले. दुपारी मांडव सोडला. त्या दिवशीचे मासे बायकांनी संध्याकाळी मिळेल त्या भावाने काढले.

मग आमची मुदत संपली. निवडणुका लागल्या नाहीत, प्रशासक आला. मी 'माजी' झाले. किल्ली कार्यालयात गेली. प्रशासक फार सभ्य माणूस, खुर्ची द्यायचे, पाणी विचारायचे आणि सांगायचे की हस्तांतरण प्रलंबित आहे. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर त्यांनी ती वाचली, हळहळले आणि परत दिली. कुलपाला खाऱ्या वाऱ्याने गंज चढू लागला होता. सासूबाई त्याच्यासमोर रोज पाट मांडत होत्या आणि पाणी पीत नव्हत्या.

एके सकाळी माझं डोकं फिरलं. घरातला हातोडा घेतला आणि चपला घातल्या. सासूबाईंना त्या दिवशी कणकण होती, म्हणून घरी होत्या. त्या पायरीवर येऊन बसल्या, बरोबर माझ्या वाटेत.

"खंय चललंस?"

"कुलूप फोडूक."

"उद्या पेपरात येतलां. सासूक मुतूक व्हया म्हणान सुनेन कुलूप फोडल्यान." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हातोड्याकडे बघत होत्या. "जल्मभर कोणाक कळाक दिलंय नाय. माझ्या मुताची बातमी करू नको गो."

मी हातोडा ठेवला. आजही त्या सकाळची आठवण झाली की माझ्या अंगाची लाहीलाही होते. सासूबाईंचा राग येत नाही. लाज ज्यांना वाटायला हवी होती ते एसी गाडीतून फिरत होते आणि ती सगळी या बाईच्या वाट्याला आली होती.

गणपती झाल्यावर थोड्याच दिवसांनी बाजारात त्यांना थंडी वाजून आली. दात वाजायला लागले, बसल्या जागी पाटावर कलंडल्या. बायकांनी रिक्षात घालून घरी आणलं. इथल्या डॉक्टरांनी जिल्ह्याला पाठवलं, जिल्ह्याने गोव्याला. आमच्याकडे आजारी माणसाचा रस्ता हा असाच, सगळ्यांना पाठ. गोव्यातला डॉक्टर तरुण होता, मराठी जेमतेम बोलायचा. खड्यांनी वाट अडली, लघवी तुंबली, संसर्ग वर चढला, असं त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. किती दिवसांपासून रोखून धरत होत्या, असं त्याने विचारलं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"लग्न झाल्यापासून," मी म्हटलं.

सासूबाई वाचल्या. किडन्या नाही वाचल्या. आता ठरल्या वारी डायलिसिस असतं. सकाळी निघतो आणि संध्याकाळी परततो, त्या येताना गाडीत मान टाकून झोपलेल्या असतात. लघवी पूर्ण बंद झाली आहे. त्यामुळे आता डॉक्टरांचं सांगणं उलटं आहे: पाणी कमी प्या, मापून प्या, तोंड कोरडं पडलं तर नुसती गुळणी करा. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं. सासूबाई मात्र मला समजावत होत्या. "ह्यां माका बरां येता," त्या म्हणाल्या.

त्यांच्या पाटावर आता मी बसते. बी.ए. आणि माजी नगरसेविका, सुरमईचे तुकडे करते. सुरुवातीला लोक बघून हसायचे, आता भाव करतात.

शेवटी सेल्फी पॉइंट पूर्ण झाला. लाल रंगाचा मोठा बदाम, पत्त्यांतल्यासारखा, आणि मागे समुद्र. निमंत्रणपत्रिकेवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, खाली बारीक टायपात 'व इतर विकासकामे'. आम्ही त्या इतरांत होतो. सासूबाई येणारच म्हणाल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेला हात पदराखाली घेतला आणि पुढच्या खुर्चीत बसल्या. या वेळी साहेब आले. त्यांनी फीत कापली, बदामात उभं राहून फोटो काढून घेतले. मग सगळे मुतारीकडे वळले आणि घोळक्याची चाल एकदम मंदावली. साहेब फोनवर बोलू लागले. प्रशासकांच्या कानाशी कुणी तरी लागलं आणि लगेच माईकवरून घोषणा झाली की हे लोकार्पण बाजारातल्या ज्येष्ठ भगिनीच्या शुभहस्ते होईल.

सगळे आमच्याकडे बघू लागले. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी कात्री घेतली. फीत तुटली, टाळ्या झाल्या. माईकवाल्याला जोर चढला, "पहिला मान आजींचा!"

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर बाजारातल्या साऱ्या बायका दाटीने उभ्या होत्या, काही तर डोळे पुसत होत्या. आतून नळाचा आवाज आला. मला ठाऊक होतं की गोव्याहून आल्यापासून त्यांना थेंबभरही झालेली नाही. तरी त्या लवकर बाहेर येईनात. आल्या तेव्हा हात ओले होते. पत्रकाराने विचारलं, "कसं वाटलं आजी?" त्या म्हणाल्या, "बरां आसा." तोवर साहेबांची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात बदामाचा फोटो होता आणि मच्छीविक्रेत्या महिलांतून समाधान व्यक्त होत असल्याची एक ओळ.

घरी येताना रिक्षात त्या माझ्या खांद्यावर मान टाकून बसल्या होत्या. मी हळूच विचारलं, "आये, आत इतको वेळ काय केलास?"

"बसलंय वायच," त्या म्हणाल्या. "बायो भायर उब्यो होत्यो, तेंका वायट दिसाक नको."

रिक्षा बंदराचा चढ चढत होती. मला वाटलं, त्यांचा डोळा लागला. मग त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "कडी बरी आसा गो. आतसून लागता."