मास्तरांचा ब्रेक

सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेत त्यांनी कधी खडू धरला नव्हता. ते गाडी चालवायला शिकवत. उभा जन्म त्यांनी चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर काढला, पायाखाली स्वतःचा जादा ब्रेक घेऊन. त्या ब्रेकनं किती सायकलवाले आणि किती कुंपणं वाचवली, याची गणती नाही. एक शिंपी तर वळण आलं की डोळे मिटून घ्यायचा आणि पुढचं सगळं मास्तरांच्या पायावर सोडायचा. तोच शिंपी पुढे टॅक्सी चालवू लागला, हे मास्तर भेटेल त्याला रंगवून सांगत.

शिकवणी बंद झाली आणि जुनी सेडान दारात धूळ खात पडली. मग चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या लेकीनं विषय काढला. हौशी लोकांची ऑटोक्रॉस शर्यत होती. मोकळ्या मैदानात नारिंगी शंकू मांडलेले असतात, एकेका गाडीनं त्यांच्यामधून वळणं घेत सुटायचं, शंकू न पाडता वेळ कमीत कमी लावायचा. शेजारी एकजण बसलेला चालतो. चालवणार ती, आणि शेजारी तिला बाबाच हवे होते. या वयात कसली ही थेरं, म्हणून मास्तरांनी भरपूर आढेवेढे घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बाह्या सरसावून गाडीखाली शिरले.

वजन कमी करायचं म्हणून स्टेपनी, जॅक, खालचा गालिचा, सगळं बाहेर आलं. छतावरची शिकाऊची पाटी उतरवताना मास्तरांचा हात जरा रेंगाळला. मागची सीट निघाली ती थेट बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. आता पाहुण्यांना बेल्टही लावू का, असं बायकोनं विचारून घेतलं. लहानपणी लेक याच सीटवर गृहपाठ करत बसायची, पुढे कुणीतरी थरथरत गिअर टाकत असताना. मग टायर बदलले, ब्रेक ऑइल नवं भरलं, बॅटरी आवळून बसवली. राहता राहिला जादा ब्रेक.

"बाबा, तोही काढूया," लेक म्हणाली.

"असून असून त्याचं वजन किती असणार."

प्रश्न वजनाचा नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. तो ब्रेक काढला की लेकीचा जीव तिच्या एकटीच्या हातात, आणि ते मास्तरांना झेपत नव्हतं. ब्रेक राहिला. तपासणीतही कुणी हरकत घेतली नाही.

दोन फेऱ्या मिळणार होत्या. पहिलीत गाडी अशी पळाली की मास्तरांना ओळखूच येईना. शेवटच्या वळणाला शंकू अंगावर धावून आले आणि त्यांचा पाय सवयीनं खाली गेला. लेकीनंही तेव्हाच ब्रेक दाबला होता. दोघांचा जोर एकदम पडला, चाकं जाम झाली, गाडी गर्रकन फिरली आणि शंकूंना लोळवून थांबली.

लेक चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी दाबणारच होते, बाबा," ती एवढंच बोलली.

मास्तर उतरले. शेजारच्या गाडीवाल्याकडून पाना मागून आणला आणि उकिडवे बसून नट पिळू लागले. गंजलेला नट हटता हटेना. अखेर ब्रेक निघाला, तो त्यांनी गवतावर ठेवला आणि बेल्ट लावून घेतला.

दुसरी फेरी सुटली. प्रत्येक वळणाला मास्तरांचा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता, आणि प्रत्येक वेळी, नेमकी तेव्हाच, गाडी हळू होत होती. आपला पाय पोरीकडे कधी गेला, हे त्यांना कळलंच नव्हतं.

शेवटच्या वळणाला त्यांनी दोन्ही पाय मागे ओढून घेतले आणि समोर बघायचं सोडून लेकीकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या सीटवर बसून त्यांनी चालवणाऱ्याच्या तोंडाकडे असं निवांत कधी पाहिलंच नव्हतं. हेल्मेटच्या आत ती हसत होती.