अल्बममधली आई

रहाटणीत मुख्य रस्त्यापासून थोडं आत एक छोटं चर्च आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला सिस्टरांचं बालगृह. खाली सहा वर्षांच्या आतली मुलं, वर मोठ्या मुली. गच्चीवर गेलं की वाकडच्या उंच इमारती दिसतात आणि त्यांच्या इतक्या खिडक्यांमधून इकडे कुणी बघत असेल का, असं मला उगाच वाटायचं. समाजकार्याच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मला फील्डवर्कसाठी तिथे पाठवलं होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फील्डवर्क म्हणजे काय हे घरी मलाच समजावून सांगावं लागलं, आणि खरं तर ते मलाही नीट माहीत नव्हतं.

आई म्हणाली, "तिथं गेलं की गळ्यात क्रुसाची माळ घालतात म्हणं."

बाबा चाकणच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आले होते, पाय धूत होते. "घालू दे की. पास करतेत का तेवढं विचार."

माळ कुणी घातली नाही. पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टरांनी माझ्या हातात कपड्यांची बादली दिली आणि म्हणाल्या, "वाळत घाल गं पोरी, मग बोलू." त्या नगरकडच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण मुलं त्यांच्या झग्याला धरूनच फिरायची.

त्या घरात एक पद्धत होती. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक मोठ्या मुलीला खालचं एक लहान मूल नेमून दिलेलं असायचं. त्याला ते 'जोडी' म्हणायचे. शाळेतून आल्यावर आपल्या जोडीतल्या बाळाचं तोंड धुवायचं, त्याला भरवायचं, संध्याकाळच्या प्रार्थनेला मांडीवर घेऊन बसायचं. सिस्टर म्हणायच्या, एवढ्या लेकरांना आमचे हात पुरत नाहीत, आणि शिवाय मोठ्यांनाही कुणीतरी आपलं लागतं. मी हे वहीत 'उत्तम उपक्रम' म्हणून लिहून घेतलं होतं.

मी ज्या जोडीबद्दल लिहितेय त्यांची नावं इथे सांगणार नाही. थोरली आठवीत होती. धाकटी तीन वर्षांची. धाकटी एका बांधकामाच्या साइटवर सापडली होती, अगदी तान्ही असताना, आणि तेव्हापासून ती थोरलीच्याच कडेवर वाढली. थोरली फारशी बोलायची नाही. शनिवार-रविवारी आयटीतली माणसं आपल्या मुलांचे वाढदिवस करायला केक घेऊन यायची, तेव्हा सगळी मुलं गाणं म्हणायला रांगेत उभी राहायची. थोरली मागे उभी राहायची आणि धाकटीच्या वाटणीचा केक बशीत काढून ठेवायची, कारण गर्दीत तिला कुणी देईलच असं नाही.

त्या वर्षी धाकटीला दत्तक घ्यायला एक जोडपं मिळालं. कोल्हापूरकडचं. ते एकदा बघायला आले होते तेव्हा धाकटीला ताप होता, ती झोपूनच राहिली. बाई बराच वेळ पाळण्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. गेल्यावर त्यांनी एक अल्बम पाठवला, कारण सिस्टरांची तशी रीतच होती. मूल नव्या घरी जायच्या आधी त्याला तिथली माणसं फोटोतून ओळखीची करून द्यायची. हिरव्या साडीतली बाई, मिशीवाला माणूस, अंगणातला झोपाळा, एक म्हैस.

अल्बम दाखवायचं काम अर्थातच थोरलीकडे आलं. सिस्टरांनी मलाही तिच्यासोबत बसायला सांगितलं.

"ही कोण?" थोरली विचारायची.

"आई."

"आई काय देते?"

"पापा." आणि धाकटी फोटोला ओठ लावायची. प्लॅस्टिकवर लाळ यायची, ती थोरली ओढणीने पुसायची.

रोज प्रार्थना झाली की हेच. शाळेत पाढे घोकून घ्यावेत तसं. धाकटी झोपताना अल्बम कुशीत घ्यायला लागली. सकाळी उठल्या उठल्या ती पान उघडून हिरव्या साडीला दूध पाजायची. स्वयंपाकाच्या मावशी जुन्या रहाटणीतल्या, त्या एकदा भाकरी थापता थापता थोरलीला म्हणाल्या, "लई शिकवू नगंस गं बाई. येवढी शिकली तर तुला इसरंल की ती."

"त्यासाठीच शिकवते," थोरली म्हणाली.

"व्हय? मग डोळं का पुसतीस?"

"कांदा चिरलाय तुम्ही."

मावशींनी त्या दिवशी कांदा चिरलेला नव्हता. मी तिथेच होते, भाकऱ्या टोपलीत रचत.

न्यायचा दिवस ठरला. अशा दिवशी जोडीतल्या मोठ्या मुलीला शाळेत पाठवायचं, हाही त्या घरातला नियम होता. थोरलीने विचारलं, "सिस्टर, मी फक्त चपला घालून देते आणि जाते."

"नाही बाळा. तू दिसलीस तर ती सुटायची नाही."

थोरलीने धाकटीचे केस विंचरले, दोन शेंड्या बांधल्या, आणि दप्तर घेऊन गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ती माणसं सकाळीच आली. सिस्टरांनी सांगितल्यामुळे बाईंनी मुद्दाम तीच हिरवी साडी नेसली होती. डब्यात रव्याचे लाडू, पिशवीत बाहुली. धाकटी दारात उभी होती. सिस्टरांनी आनंदाने विचारलं, "सांग बरं, ही कोण?"

धाकटीने बाईंकडे नीट पाहिलं. मग ती आत धावली, अल्बम घेऊन आली, खाली बसून पान उघडलं आणि फोटोवर बोट ठेवलं. "आई."

"आणि ही?"

"मावशी."

आम्ही सगळे हसलो. बाईसुद्धा हसल्या. त्यांचे यजमान म्हणाले, "फोटोत बारीक दिसतीस, म्हणून ओळखंना तुला." पण धाकटी हसली नाही. बाईंनी खाली बसून अल्बममधला फोटो आणि आपला चेहरा शेजारी शेजारी धरायचा प्रयत्न केला, आणि त्यासाठी अल्बम तिच्या हातातून घेतला.

तिने जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. आपली आई कुणी परकी बाई ओढून नेतेय, असंच तिला वाटलं असणार. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं. आई चपटी असते, गुळगुळीत असते, रोज संध्याकाळी उघडायची असते. इतके दिवस शेजारी बसूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि सिस्टरांच्याही नाही.

दुपार झाली. धाकटी अल्बम हिसकावून घेऊन पलंगाखाली जाऊन बसली होती. तिने जेवायला नकार दिला, लाडू फेकला, रडून रडून उलटी केली. कुणी हात पुढे केला की ती चावायची. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "सिस्टर, आम्ही जातो. तिला नको असंल तर मी जबरदस्ती करणार न्हाई. माझ्यानं हे बघवत न्हाई."

सिस्टर मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला होता. "थोरलीला पण असेच आले होते न्यायला. ती चार वर्षांची असेल. रडली, ते घाबरले, निघून गेले. पुन्हा कुणी आलंच नाही. तिला हे माहीत नाही. तू जा, तिला घेऊन ये शाळेतून."

मी रिक्षा केली. वर्गाच्या दारात मला बघताच थोरली उठून उभी राहिली. रिक्षात तिने दोनच गोष्टी विचारल्या.

"जेवली का?"

"नाही."

"अल्बम कुणी घेतला का तिचा?"

मी सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले आणि घर येईपर्यंत उघडले नाहीत.

ती सरळ पलंगाखाली शिरली. आतून काही बोलणं ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने ती धाकटीला कडेवर घेऊन बाहेर आली. अल्बम धाकटीच्या हातात होता. थोरलीने तो काढून घेतला नाही. ती बाईंना म्हणाली, "खाली बसा ना. मांडी घालून."

मग तिने वरण-भाताचं ताट मागवलं आणि बाईंसमोर ठेवलं. "तुम्ही कालवा. घट्ट नको, तिला पातळ लागतं. मीठ आधी नका घालू."

बाईंनी भात कालवला आणि घास उचलला. थोरलीने त्यांच्या मनगटाला खालून हात लावला आणि पहिला घास तसाच दोघींच्या हाताने गेला. धाकटी खात होती आणि थोरलीकडे बघत होती. दुसरा, तिसरा. मग कधीतरी थोरलीने आपला हात काढून घेतला. धाकटीच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिने तोंड उघडलं आणि घास घेतला, एवढं मी पाहिलं. खाताना दोन्ही हात हवेत म्हणून तिने अल्बम आपणहून खाली ठेवला.

तोंड धुवून झाल्यावर थोरली म्हणाली, "गाडीत बसायचं?"

"तू पण."

मला वाटलं, ती 'हो' म्हणेल. मी म्हटलं असतं. सिस्टरांनीही हळूच मान हलवून तेच सुचवलं.

"नाही," थोरली म्हणाली. "मला शाळा आहे. तू जायचं. ही नेईल तुला." आणि तिने बाईंचा हात उचलून धाकटीच्या हातात दिला.

धाकटी रडली. खूप रडली. पण आता ती चावली नाही. बाईंनी तिला उचललं तेव्हा तिने त्यांच्या पदराला धरलं, पडू नये म्हणून धरतात तसं. थोरलीने खाली वाकून तिच्या पायांत चपला घातल्या. गाडी चर्चच्या कोपऱ्यावरून वळली तरी रडणं ऐकू येत होतं. मावशी स्वयंपाकघरात निघून गेल्या. सिस्टर तिथेच उभ्या राहून पुटपुटत प्रार्थना करत होत्या.

थोरलीने दप्तर उचललं. "ताई, मला परत सोडता का? शेवटच्या तासाला गणिताची चाचणी आहे."

रिक्षा तापकीर चौकात सिग्नलला थांबली होती तेव्हा तिने विचारलं, "तिला आठवेन का मी?"

आम्हाला त्याच सत्रात बालमानसशास्त्र होतं. मी जे शिकले होते तेच सांगितलं, कारण तिने स्वतः थोड्या वेळापूर्वी खोटं बोलायचं टाळलं होतं आणि तिच्याशी खोटं बोलायची मला हिंमत झाली नाही. "पुस्तकात लिहिलंय की इतक्या लहानपणीचं मोठेपणी आठवत नाही."

"मला पण चार वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही," ती म्हणाली. आणि मग, "बरंय."

शाळेत पोचल्यावर तिने नळावर तोंड धुतलं, ओढणीला पुसलं. ओढणीवर वरणाचा डाग होता, तो तिने आत दुमडला. वर्गाच्या दारात मॅडमनी विचारलं, "मध्येच कुठे गेली होतीस गं?"

"घरी पाहुणे आले होते, मॅडम," ती म्हणाली आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.