दुधी भोपळा आणि आमचे साडू

माझ्या बायकोला हसवण्याचा मक्ता या जगात एकाच माणसाकडे आहे, आणि तो माणूस मी नाही. तो मान आमच्या थोरल्या साडूंचा, म्हणजे बायकोच्या ताईच्या यजमानांचा. मी उभा जन्म कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. आता ज्येष्ठ नागरिक संघात स्वतःचे विनोदी लेख वाचतो. लोक टाळ्या वाजवतात, एक निवृत्त इंजिनिअर तर डोळे पुसतात. तोच लेख घरी वाचला की बायको स्वेटरचे टाके मोजत म्हणते, "छान आहे. संपला का?" आणि साडूंनी कोपऱ्यातून नुसतं "दुधी भोपळा" म्हटलं, की हीच बाई उशी पोटाशी धरून सोफ्यावर आडवी! जळतो मी. सरळ सांगतो, लपवायचं काय त्यात?

या भोपळ्याचा उगम टीव्हीवरचा. दर रविवारी संध्याकाळी एक प्रश्नमंजुषा लागते. तिथे एका घाबरलेल्या स्पर्धकाने, कुठल्याशा राजाची राजधानी विचारल्यावर, "दुधी भोपळा" असं उत्तर दिलं. का दिलं, ते त्यालाच ठाऊक. सूत्रसंचालकाने ते उचललं, आणि तेव्हापासून कुणी अडलं की तो डोळे मिचकावून विचारतो, "मग काय, दुधी भोपळा?" की प्रेक्षक खिदळलेच. बालवाडीतली पोरंही एव्हाना कंटाळली असती. साडू कंटाळले नाहीत. उलट तो कार्यक्रम बघायला ते आणि ताई दर रविवारी हडपसरहून आमच्याकडे कोथरूडला यायचे. ताई बसने, कारण स्कूटरवर मागच्या सीटला साडूंची घडीची खुर्ची बांधलेली असायची. दुसऱ्याच्या सोफ्यावर म्हणे त्यांची कंबर रुसते. पहिला चहा होईपर्यंत डोक्यावरचं हेल्मेट काढायचे नाहीत, आणि स्पर्धकांशी थेट बोलायचे, "अहो बाई, घाई नका करू. आपली कुठे त्या राजाशी ओळख होती?" मग प्रश्न अडायचा, सूत्रसंचालकाच्या आधी साडू भोपळा फोडायचे, आणि दोघी बहिणी एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या.

"यात हसण्यासारखं काय आहे?" हा माझा दर रविवारचा प्रश्न. एकदा तर मी टीव्ही बंद करून त्यांना रीतसर समजावलं. विनोदाला अपेक्षाभंग लागतो, आणि जे दर वेळी येणारच आहे त्याने अपेक्षाभंग कसा होणार? साडू हेल्मेटसकट मान डोलवत इतकं मन लावून ऐकत होते, की इतका चांगला विद्यार्थी मला नोकरीत कधी मिळाला नाही. शेवटी मी विचारलं, "पटलं का?" ते म्हणाले, "दुधी भोपळा." बायकोला उचकी लागली.

बँकेत, दवाखान्यात, रिक्षावाल्याला, सगळीकडे त्यांचं हेच उत्तर. फक्त मंडईत त्यांची पंचाईत व्हायची. भाजीवाली विचारायची, "काय देऊ, काका?" आणि सवयीने उत्तर जायचं. अख्ख्या पुण्यात ती एकच जागा, जिथे त्यांचं उत्तर बरोबर धरलं जाई. बिचारे निमूटपणे भोपळा घेऊन घरी यायचे, आणि ताई त्यांना तो संपेपर्यंत खायला घालायची. दुधीची भाजी त्यांना मुळीच आवडत नाही. त्या दिवसांत मला फार बरं वाटायचं.

पण माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी कळस केला. कन्यादानाला बसलो, गुरुजींनी गोत्र विचारलं, आणि माझी पाटी कोरी. गोत्र आठवेना! गुरुजी थांबले, व्याही बघायला लागले, कपाळावर घाम. तेवढ्यात मागून शांत आवाज आला, "दुधी भोपळा." गुरुजींच्या हातातली पळी हिंदकळली, व्याही हसले, नवरी हसली, आणि त्या गोंधळात मला वसिष्ठ आठवले. नंतर मी मोठ्या मेहनतीने बसवलेलं भाषण केलं. ते कुणालाही आठवत नाही. भोपळा व्याह्यांकडे अजून निघतो.

गेल्या वर्षी ताई गेली. आजार फार लांबला नाही. साडू त्यानंतरही रविवारी येत राहिले, स्कूटर, खुर्ची, हेल्मेट, सगळं तसंच. पण टीव्हीवर प्रश्न अडला की ते खाली फरशीकडे बघायचे. बायको स्वेटर विणायची, तोही कुणासाठी ते तिला माहीत नव्हतं. आमच्या घरातलं हसू ताईबरोबर गेलं होतं, आणि माझ्या एकाही लेखाला ते परत आणता येईना. ज्या दोन शब्दांचा मी इतकी वर्षं राग राग केला, ते ऐकायला माझेच कान आसुसले होते.

परवाच्या रविवारी टीव्हीवर एक बाई अडल्या. साडूंची नजर फरशीवर. मी घसा खाकरला, तर्कशास्त्राची मनोमन माफी मागितली आणि म्हणालो, "दुधी भोपळा."

बायकोच्या सुया थांबल्या. साडूंनी सावकाश हेल्मेट काढलं, माझ्याकडे वळून बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?"

आणि बायको फुटली! उशी शोधायलाही सवड मिळाली नाही तिला. हसता हसता रडायला लागली, रडता रडता पुन्हा हसली, "भाऊजी, अहो भाऊजी" म्हणत डोळे पुसत राहिली. साडूंचेही खांदे हलत होते. म्हणजे बघा, धाडस माझं, वेळ मी साधली, आणि हसू गेलं पुन्हा त्यांनाच! असा जळफळाट झाला माझा, की मी चहा टाकण्याच्या निमित्ताने आत गेलो आणि जरा वेळ ओट्यापाशीच उभा राहिलो. बाहेरून तिचं हसणं येत होतं. चहा उतू गेला.

निघताना साडू खुर्ची घडी करायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या ती इथेच. दर वेळी काय वाहायची?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची परत उघडून ठेवली. आता ती आमच्या टीव्हीच्या अगदी समोर असते. ती माझी जागा होती.